मुलांचे वाचन आणि हसरी पुस्तके

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची, वकील-डॉक्टरांची व्याख्याने झाली आहेत. मी तर मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला आणि प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे खडू झिजवलेला एक साधा मास्तर. २०१७ साली निवृत्त झालो. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नये. अनुभवाच्या चार गोष्टी आहेत, त्या गोड मानून घ्याव्यात, एवढीच विनंती.

ज्यांचा आज गौरव झाला, त्या विद्यार्थ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या मातापित्यांचे त्याहून अधिक करतो. परंतु मास्तराची एक खोड जन्मभर जात नाही. वर्गात शिरताच त्याची नजर पहिल्या बाकाकडे न जाता शेवटच्या बाकाकडे जाते. आजही माझी नजर या सभागृहाच्या मागच्या रांगांकडे वळते आहे. तेथे काही मुले बसली आहेत, ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही. त्यांतील काहींना पुस्तक समोर आले की जांभई येते, तहान लागते, पोटात दुखू लागते. आईवडील म्हणतात, 'बाकी हुशार आहे हो, पण वाचायला म्हणून बसत नाही.' आज मला त्या मुलांविषयी बोलावयाचे आहे.

ही तक्रार एखाददुसऱ्या घरची नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 'असर' नावाची पाहणी होत असते. तिच्या २०१८ सालच्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्मीच मुले दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचू शकली. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे आता शहरात आहेत, मुले चांगल्या शाळांत आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेर आहे असे आपण समजतो. पण आपल्याकडे तो निराळ्या वेषात आलेला आहे. आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी आजीशी मराठीत भांडतात, आणि दुकानावरची मराठी पाटी मात्र बोट ठेवून, अक्षर जुळवीत वाचतात. ज्याला वाचता येत नाही त्याचा एक प्रकार झाला. ज्याला वाचता येते पण वाचावेसे वाटत नाही, त्याचा दुसरा. पहिल्याची लाज आपल्याला वाटते, दुसऱ्याकडे आपण दुर्लक्ष करतो. आणि दुसऱ्याचा पहिला होण्यास फार वर्षे लागत नाहीत, हे विसरतो.

यावर आपण उपाय काय करतो? आपण पुस्तके देतो. कोणती देतो, हे मी सांगू शकतो, कारण मंडळाची बक्षिसाची पुस्तके निवडणाऱ्या समितीत मी स्वतः सात वर्षे होतो. थोर पुरुषांची चरित्रे, सुविचारांचे संग्रह, शब्दकोश. हेतू उत्तम होता. परंतु गेल्या काही वर्षांत कार्यानिमित्त मी आपल्यापैकी अनेकांच्या घरी गेलो, आणि दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ती पुस्तके पाहिली. कित्येकांवरचे पारदर्शक वेष्टनसुद्धा निघालेले नव्हते. ज्या पुस्तकाचे वेष्टन निघाले नाही, त्यातील सुविचार कोणाच्या उपयोगी पडला? हा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकीत नाही. निवड माझी होती.

माझ्याकडून याहून मोठी एक चूक झाली आहे. ती आज आपणांसमोर सांगावयाची असे ठरवूनच मी आलो आहे.

साल १९८६ असावे. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगा होता, त्याला पाठ्यपुस्तकातील दोन ओळी सरळ वाचता येत नसत. उभा केला की तो भिंतीकडे पाहात राही. एके दिवशी इतिहासाचा तास चालला असता तो एकाएकी फस्सकन हसला. मी जवळ जाऊन पाहिले, तो पुस्तकाच्या आड दुसरे पुस्तक. बिरबलाच्या गमतींचे, चित्रांचे, कोपरे झिजलेले. मी ते हिसकावून घेतले. सर्व वर्गादेखत त्याला बोल लावला. म्हणालो, 'धड्याचे दोन शब्द वाचता येत नाहीत, आणि ही असली पुस्तके बरी वाचता येतात!' वर्ग हसला. पुस्तक मी कपाटात टाकले. त्याने ते पुन्हा कधी मागितले नाही आणि मीही दिले नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

तीस वर्षांनी निवृत्त होताना कपाटाचा ताबा पुढच्या शिक्षकांकडे देण्यासाठी मी खालचा कप्पा रिकामा केला. जुन्या हजेरीपटांखाली ते पुस्तक निघाले. मुखपृष्ठ उलटले, तर आत पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरांत त्या मुलाचे नाव होते आणि त्याखाली एक ओळ होती, 'हे पुस्तक सापडल्यास परत द्यावे.' बंधुभगिनींनो, ज्या मुलाला एक वाक्य लिहिता येत नाही असा शेरा मी प्रगतिपुस्तकावर दिला होता, त्याने ते वाक्य कोणी न सांगता लिहिले होते. कारण ते पुस्तक त्याचे होते, आणि त्याला ते हवे होते.

त्या क्षणी मला माझेच तीस वर्षांपूर्वीचे बोल आठवले. 'ही पुस्तके बरी वाचता येतात!' मी ते टोमणा म्हणून बोललो होतो, पण खरे पाहता ते निदान होते. वैद्याच्या तोंडून अचूक निदान निघावे आणि त्याने औषधाची बाटलीच फोडून टाकावी, तसे माझे झाले. त्या मुलाचा मी शोध घेतला. गाव सोडून तो कामासाठी परमुलखात गेला, एवढेच कळले. पुस्तक आजही माझ्यापाशी आहे.

तेव्हापासून या एकाच प्रश्नाचा मी विचार करीत आलो आहे. तो मुलगा धडा वाचू शकत नव्हता, आणि बिरबल कसा वाचू शकत होता?

पहिले कारण त्याच्या हसण्यातच आहे. विनोद हा समजल्याशिवाय हसू आणीत नाही. धडा न समजताही मूल तो घोकून म्हणू शकते, आणि आम्ही शिक्षक फसतो. पण गंमत न समजता योग्य जागी हसता येत नाही. एकटे बसलेले मूल पुस्तकात पाहून खुदकन हसले, की परीक्षा झाली आणि ते उत्तीर्ण झाले असे समजावे. त्यास प्रश्नपत्रिका नको, गुण नकोत. आणि तो निकाल प्रथम त्या मुलालाच कळतो. 'मला हे कळले' हा आनंद ज्या मुलाला वर्षानुवर्षे मिळालेला नसतो, त्याला तो एका पानात मिळतो. त्या आनंदासाठीच ते पुढचे पान उलटते.

दुसरे कारण चित्र. नवशिक्या वाचकाला नुसती अक्षरांची ओळ म्हणजे कठडा नसलेला जिना वाटतो. चित्र हा त्या जिन्याचा कठडा आहे. शब्द अडला की मूल चित्राकडे पाहते, अंदाज बांधते आणि पुन्हा शब्दाकडे येते. काही पालक म्हणतात, ही तर फसवणूक झाली. मी म्हणतो, आपण स्वतः अनोळखी शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यावरून लावतोच ना? मूल तेच करते, त्याचा मागचापुढचा संदर्भ चित्रात असतो इतकेच.

शिवाय चांगले विनोदी चित्र शब्दांचे केवळ भाषांतर करीत नाही, ते कधी कधी शब्दांना खोटे पाडते. एक उदाहरण देतो. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९८० साली 'टिंकल' हे मुलांचे इंग्रजी नियतकालिक सुरू झाले. त्यात वसंत हळबे या चित्रकाराने शिकारी शंभू रेखाटला. डोळ्यांवर टोपी आलेला, मोठा शूर म्हणून नावाजलेला आणि मनातून भित्रा. अशा एखाद्या पात्राच्या तोंडी शब्द असावेत, 'मी कोणालाही भीत नाही', आणि चित्रात तो झाडाच्या शेंड्याला मिठी मारून बसलेला असावा. आता ही गंमत नुसत्या शब्दांत नाही आणि नुसत्या चित्रातही नाही. दोन्ही एकदम पाहून, त्यांतील विसंगती मनाने पकडली तरच हसू येते. पुढे आठवी-नववीत 'उपरोध' म्हणून जो भाषेचा अलंकार आम्ही व्याख्येने शिकवतो, तो आठ वर्षांचे मूल येथे व्याख्येवाचून शिकते. ज्याला लोक पोरखेळ म्हणतात, त्यात वाचनाची ही मोठी विद्या दडलेली आहे.

तिसरे कारण भाषा. पाठ्यपुस्तकाची भाषा ग्रांथिक असते, आणि असावीही. परंतु चित्रकथेतील पात्राच्या तोंडाजवळ जो फुगा काढलेला असतो, त्यात चार-सहा शब्दांचे, घरात बोलतो तसे वाक्य असते. मुलाच्या कानाला ते ओळखीचे असते, फक्त डोळ्यांना नवीन असते. नवशिक्याला एका वेळी एकच गोष्ट नवी असावी, हा अध्यापनाचा जुना नियम आहे. गमतीची गोष्ट अशी की, जोडाक्षरांचा जो डोंगर मुलांना भेडसावतो, तो अशा पुस्तकांत ती धावत चढतात. सर्रकन, धप्पकन, टुण्णकन, फुस्स! फळ्यावर मी 'र्र' शिकवताना मुले पेंगत असत. पण कोणी केळीच्या सालीवरून 'सर्रकन' घसरला, की तेच अक्षर ती मोठ्याने, आनंदाने आणि दहा वेळा वाचीत. वाचनाला सराव लागतो असे आपण म्हणतो. विनोदी पान मूल आपण होऊन पुन्हा पुन्हा वाचते, त्याहून निराळा सराव तो कोणता?

हा विचार मला सुचला म्हणून नवा आहे असे नाही. पंचतंत्राच्या प्रारंभी काय आहे? राजाचे तीन पुत्र अभ्यासाला विटलेले, आणि विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत त्यांना शहाणे करण्याचे पत्करले. त्याने त्यांच्यापुढे नीतिशास्त्राचा ग्रंथ ठेवला नाही. पाचर उपटायला जाऊन जीव गमावणारा माकड आणि तोंड बंद न ठेवता आल्यामुळे आकाशातून पडणारे कासव ठेवले. अभ्यासाला विटलेले मूल हा आजच्या मोबाइलचा शोध नव्हे. तो प्रश्न जुना आहे आणि त्यावरचा उपायही जुना आहे.

परदेशातही या वाटेने लोक गेले आहेत. अमेरिकेत १९५४ साली जॉन हर्सी या लेखकाने 'लाइफ' या नियतकालिकात एक लेख लिहून, आपल्या मुलांना वाचन का जड जाते याची चर्चा केली. शाळेतील प्राथमिक वाचनपुस्तके कंटाळवाणी आहेत, त्यांतील मुले अस्वाभाविक सभ्य आणि स्वच्छ आहेत, चित्रे निर्जीव आहेत, असे त्याने दाखवले. कल्पक चित्रकारांना हे काम का देऊ नये असे विचारून त्याने जी नावे सुचवली, त्यांत थिओडोर गायझेल ऊर्फ डॉक्टर स्यूस हे एक होते. पुढे एका शालेय प्रकाशनसंस्थेच्या अधिकाऱ्याने गायझेल यांना सोप्या शब्दांची यादी दिली आणि तेवढ्याच शब्दांत, मुलाच्या हातून सुटणार नाही असे पुस्तक लिहावयास सांगितले. ते काम लवकर झाले नाही. १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' हे पुस्तक निघाले. त्यात वेगवेगळे शब्द अवघे २३६ आहेत.

त्या २३६ शब्दांत काय आहे? पावसाळी दिवस, आई बाहेर गेलेली, दोन मुले घरात कंटाळलेली. इतक्यात उंच टोपी घातलेला एक बोका घरात शिरतो आणि सगळे घर उलटेपालटे करून टाकतो. काचेच्या भांड्यातील मासा ओरडून ओरडून सांगत असतो की हे बरे नव्हे, आई घरी नसताना याला आत घेऊ नका, पण त्याचे कोण ऐकतो! आई येण्यापूर्वी बोका सगळे आवरून निघून जातो. शेवटी आई विचारते, दिवस कसा गेला? तिला खरे सांगावे की नाही, हा प्रश्न पुस्तक वाचणाऱ्या मुलावरच सोडून देते. हे पुस्तक पाहिले तेव्हा मला वाटले, आम्हा शिक्षकांचे आणि वडीलधाऱ्यांचे स्थान मुलांच्या पुस्तकात त्या माशासारखे असावे. आपण तेथे जरूर असावे, आपले म्हणणेही मांडावे, परंतु सगळे पुस्तक बळकावू नये.

आपल्या महाराष्ट्रातही हे भान ज्यांना होते, अशी माणसे झाली. आमच्या लहानपणी 'चांदोबा' ची वाट पाहात आम्ही पोस्टमनच्या मागे धावत असू. मराठीत तो १९५२ साली सुरू झाला होता आणि त्यातील चित्रांसाठीच आम्ही प्रथम तो उघडत असू. आता तो निघत नाही. १९७१ साली बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केले. आणि बालभारतीनेच आणखी एक धाडस केले. गणितासारख्या, मुलांना धडकी भरवणाऱ्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांसाठी तिने हास्यचित्रकार शि. द. फडणीस यांच्याकडून चित्रे काढून घेतली. शब्दांवाचून हसवणारा हा कलावंत. त्यांच्या चित्रांची ती पुस्तके मी वर्गात वापरली आहेत. उदाहरण सोडवायचे राहू द्या, पण पुस्तक हातात पडताच मुले गणिताची पाने उलटून पाहात बसत, हा चमत्कार मी डोळ्यांनी पाहिला. पान उघडले की निम्मी लढाई जिंकली. राज्याच्या गणिताच्या पुस्तकाला हसणे वर्ज्य नव्हते, मग माझ्यासारख्या मास्तराला इतिहासाच्या तासाला ते का वर्ज्य वाटावे?

आता माझ्या घरातील गोष्ट सांगतो. माझा नातू नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात शिकणारा. मराठी पुस्तक दाखवले की 'आजोबा, तुम्हीच वाचा' म्हणे. पूर्वीचा मी असतो तर त्याला रोज एक पान सक्तीने वाचावयास लावले असते. परंतु त्या कपाटातील पुस्तकाने मला शहाणे केले होते. मी 'चिंटू' चा एक संग्रह आणला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली दैनिकात सुरू झाली. एका गमतीला तीन-चार चौकटी, एका चौकटीत पाच-सात शब्द. मी रोज रात्री एकच गंमत वाचून दाखवीत असे, आणि शेवटच्या चौकटीपाशी आलो की चष्मा काढून ठेवीत असे. म्हणे, डोळे दुखतात, बाकीचे उद्या. दोन दिवस त्याने चष्मा आणून दिला. तिसऱ्या दिवशी त्याला धीर निघेना, त्याने ती चौकट स्वतः वाचली. अडखळत वाचली, एक मात्रा चुकीची वाचली, मी चूक काढली नाही. मग तो हसला. महिन्याभराने पुस्तक त्याच्या उशाखाली असे. मग मी माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तके आणली. त्यांत मजकूर अधिक, पण घर, शेजार, मुले सगळी ओळखीची. आज तो जाड पुस्तके वाचतो असे मी म्हणणार नाही. पण 'तुम्हीच वाचा' हे त्याचे शब्द आता ऐकू येत नाहीत. उलट शेवट मला आधी सांगून टाकतो, हीच तक्रार आहे.

या विचारावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाही परामर्श घेतला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, अशी हलकी पुस्तके वाचून मुलांना हलक्याचीच सवय लागेल. काही मुले तेथेच थांबतील हे मी नाकारीत नाही. पण मूल एका पायरीवर रेंगाळते म्हणून ती पायरीच काढून घेतल्याने ते वरच्या मजल्यावर जात नाही, ते जिन्याकडे फिरकतच नाही. त्याच्या हाताशी पुढची पायरी ठेवणे हे आपले काम. दुसरा आक्षेप भाषेचा. बोलीतली वाक्ये वाचून मुलांची भाषा बिघडेल असे म्हणतात. न वाचल्याने भाषा जितकी बिघडते तितकी कोणत्याही वाचनाने बिघडत नाही, एवढेच मी नम्रपणे सांगेन.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तो मीच पुढे मांडतो. सगळेच हसू सारखे नसते. कोणाच्या काळ्या रंगाला, लठ्ठपणाला, तोतरेपणाला, गावाकडच्या बोलीला, कोणाच्या व्यवसायाला किंवा जातीला हसवणारी पुस्तके बाजारात आहेत. आपण एका ज्ञातीचे म्हणून येथे जमलो आहोत, तेव्हा हे आपण अधिक जपले पाहिजे. दुसऱ्याला खाली ढकलून मिळवलेले हसू मुलाच्या हाती देऊ नये. ज्या विनोदात बलाढ्याची फजिती होते, बढाईखोराचा फुगा फुटतो, किंवा मूल स्वतःच्याच वेंधळेपणाला हसते, तो विनोद निर्मळ. म्हणून पुस्तक मुलाला देण्यापूर्वी आपण स्वतः वाचावे. त्यास फार तर अर्धा तास लागतो. आणि मीही त्या दिवशी वर्गाला हसवले होते, हे मी विसरलेलो नाही. ते हसू कोणत्या जातीचे होते, हे आता मला कळते.

पालकांसाठी चार व्यवहारी सूचना करतो.

पुस्तक मुलाला निवडू द्यावे. ते फार कठीण आहे की काय हे पाहण्यास पाच बोटांची कसोटी पुरते. कोणतेही एक पान उघडून मुलाला वाचू द्यावे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडावे. पाची बोटे मोडली तर ते पुस्तक तूर्त बाजूस ठेवावे किंवा आपण वाचून दाखवावे.

वाचण्यापूर्वी चित्रे पाहावीत. हा का पळतो आहे, याच्या मागे कोण लागले असेल, असे बोलत पाने उलटावीत. मग वाटून वाचावे. एक पात्र मुलाचे, एक आईचे, एक आजोबांचे. आजोबांनी मांजराचा आवाज काढण्यास लाजू नये.

प्रत्येक चुकीला थांबवू नये. अर्थ बदलत नसेल तर चूक सोडून द्यावी, अर्थ बदलत असेल तर ते वाक्य आपण सहज पुन्हा वाचावे. विनोदाच्या मध्यावर व्याकरण शिकवणे म्हणजे जेवताना ताट ओढून घेणे होय.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेवटी 'यावरून तू काय बोध घेतलास?' असे विचारू नये. हा प्रश्न मी अडतीस वर्षे विचारला आहे. त्या प्रश्नाने मुलांच्या चेहऱ्यावरचे हसू कसे मावळते, ते मी पाहिले आहे. विचारावयाचेच असेल तर 'तुला कुठे हसू आले?' असे विचारावे. बोध घ्यावयाचा तो मूल घेतेच, आपल्या नकळत घेते.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवतो. पुढील वर्षापासून बक्षिसाच्या निधीतील काही भाग बाजूस काढून या सभागृहात मुलांसाठी एक कपाट करावे. त्यात हसरी, चित्रांची, मराठी पुस्तके असावीत. गुण कितीही असोत, ज्ञातीतील प्रत्येक मुलाला ती नेता यावीत. पुस्तक फाटले तर दंड नसावा, कारण फाटलेले पुस्तक हे वाचलेले पुस्तक असते. आणि त्या कपाटाला कुलूप नसावे. रविवारी सकाळी दोन तास तेथे बसण्याचे काम मी माझ्याकडे घेतो, प्रकृती साथ देईल तोवर ते करीन. आपल्यातील निवृत्त मंडळींनी, विशेषतः आजीबाईंनी, त्यात हातभार लावावा.

ते बिरबलाचे पुस्तक मात्र मी त्या कपाटात ठेवणार नाही. ते माझे नाही. त्यावर मालकाचे नाव आहे आणि परत द्यावे असे लिहिले आहे. तो भेटेल तेव्हा मी ते त्याच्या हाती देईन. पण तसा दुसरा मुलगा, तशी दुसरी मुलगी, आज या सभागृहाच्या मागच्या रांगेत बसलेली आहे. तिच्या हातातील हसरे पुस्तक आपल्यापैकी कोणी हिसकावून घेऊ नये, आणि ज्याच्या हाती ते नाही त्याच्या हाती द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.